पाव मिलिमीटर देवाचा

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शिकवायला यायला नको. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं फिटर होतो आणि तेवढ्या काळात तीन इंजिनियर, एक स्टोअरकीपर आणि कँटीनचा चहावाला यांच्याशी भांडलो. चहावाल्याचं भांडण सोडलं तर प्रत्येक वेळी मीच बरोबर होतो. निवृत्त झाल्यावर गावी, अंथुर्ण्यात रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली आणि ट्रॅक्टरची इंजिनं उघडायला लागलो. तोंडावर लोक दत्तोबा आबा म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आता महिपतीच्या ट्रॅक्टरचं सांगतो. महिपती माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा तीन सिलिंडरचा लाल ट्रॅक्टर नऊ वर्षं ऊस ओढतोय, स्वतःचा आणि भावकीचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडायच्या, त्यावर ऊस इतका चढवायचा की वरचा माणूस विजेच्या तारेला राम राम घालील. मग इंजिन तापणार नाही तर काय होणार? तापलं की हेड वाकतं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते वाकलं की बारामतीला न्यायचं आणि मशीनवर घासून सपाट करून आणायचं. नऊ वर्षांत महिपतीचं हेड तीनदा घासलं.

हेड घासलं की पुशरॉडचा प्रश्न येतो. पुशरॉड म्हणजे वीतभर लांबीची पोकळ पोलादी दांडी. इंजिनाच्या पोटातला कॅम तिला खालून ढकलतो, ती वरच्या रॉकरला उचलते आणि रॉकर तागडीच्या दांडीसारखा कलून पलीकडचा व्हॉल्व्ह दाबतो. एवढाच खेळ. पण हेड घासलं की ते खाली बसतं, त्याच्याबरोबर रॉकरही खाली येतो आणि मग दांडी लांब होते. त्यावर आमच्या उस्तादांनी कारखान्यात शिकवलेला नियम होता, आणि तो मला माझ्या आईच्या नावासारखा पाठ होता. जेवढं हेड घासलं तेवढा रॉड कापायचा, वर पाव मिलिमीटर देवाचा.

तो देवाचा पाव कशाला, हे मी उस्तादांना कधी विचारलं नाही. बाजारात वाणी मापावर चिमूटभर जास्त घालतो, तसंच काहीतरी असेल असं धरून चाललो. रॉडचं दाबून बसवलेलं टोक काढायचं, नळी कापायची, टोक परत ठोकून बसवायचं. सहा रॉड, अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या हातचा कापलेला रॉड लोक बघायला येत. तिन्ही वेळा महिपतीचे रॉड मीच कापले.

पहिल्यांदा कापले तेव्हा इंजिन थोडं टकटकायला लागलं. मी डिझेलला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा टकटक वाढली, तेव्हा तेलाचा डबा महिपतीच्या अंगावर फेकायचा बाकी ठेवला होता, कारण असलं पातळ तेल माणूस आमटीलासुद्धा वापरणार नाही. रॉडची ढिलाई काढायला रॉकरच्या टोकाला एक स्क्रू असतो. तो दर खेपेला आणखी खाली उतरवावा लागत होता, आणि रॉकरच्या खाली त्याचे आटे लांबलचक दिसायला लागले होते. मी महिपतीला म्हणालो, "जेवढा स्क्रू भायेर, तेवढी शेटिंगला जागा." महिपतीनं मान डोलावली. त्याला काय कळतंय? आणि मला तरी कुठं कळत होतं!

यंदा उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी तिसऱ्यांदा हेड घासलं. बारामतीत भिगवण रोडला ऋषिराजचं मशीन शॉप आहे. आधी त्याचा बाप बघायचा, आता हा बघतो. हेड द्यायला गेलो तर मशीनवर एक मुलगी. सोनल तिचं नाव, काटेवाडीची, आयटीआय करून आलेली. पोरगी हेडवर वाकून काम करत होती आणि तिच्या कानात ते बोंडासारखं पांढरं काहीतरी खुपसलेलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाणी ऐकत हेड घासायचं? आमच्या उस्तादांनी कान उपटून हातात दिला असता. ती बोंडं मशीनच्या आवाजापासून कान राखायची होती, हे मला फार उशिरा समजलं. पण विचारायचं कुणी? मी विचारत नसतो, मी ओळखत असतो.

हेड आणलं. तारेनं बांधलेली चिठ्ठी नेहमीसारखी सोडवली आणि शेडमध्ये टांगलेल्या तारेत ओवून टाकली; हेड किती घासलं ते मी माझ्या व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, मोजून घेतो. रॉड कापले, हेड चढवलं. पंधरा दिवस ट्रॅक्टर चालला.

सोळाव्या दिवशी सकाळी महिपतीचा फोन आला. कालव्याच्या चारीच्या पुलाच्या चढावर दोन भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर बंद पडला होता आणि मागं सरकायला लागला होता. ड्रायव्हरनं उडी टाकून चाकाखाली दगड घातले म्हणून बरं. मागं शाळेची गाडी उभी होती. हे ऐकून मी घाबरलो, आणि माझ्या भीतीचा राग व्हायला फार वेळ लागत नाही.

वरचं झाकण उघडलं. एक रॉड वाकला होता, दोन खोबणीतून उडून बाहेर पडले होते. स्क्रूंच्या खालच्या टोकाच्या, रॉडवर टेकणाऱ्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या. पोलाद तेलावाचून चाललं की असं निळं पडतं. एवढं समोर दिसत असताना मी काय म्हणालो असेन?

"हेड वाकडं घासलंय."

महिपती म्हणाला, "बघ बाबा नीट."

"नीट काय बघायचं? कानात बोंडं घालून काम केल्यावर दुसरं काय हुणार? पोराबाळांची गाडी हुती मागं! आज काय झालं असतं म्हंजे?"

हेड उतरवून पिकअपमध्ये टाकलं आणि आम्ही दोघं तडक बारामतीला गेलो. हंगामाची सुरुवात, त्यामुळं ऋषिराजच्या दुकानात ट्रॅक्टरवाल्यांची ही गर्दी. पंधरा-वीस माणसं तरी असतील. मला गर्दी बघून जोर येतो. हेड त्याच्या टेबलावर धाडकन ठेवलं आणि जे सुरू झालो ते थांबलो नाही. रॉड उडाले, गोळ्या निळ्या पडल्या. पोरीला काम येत नाही. पोरीचं लक्ष गाण्यात असतं. आज शाळेची गाडी चेपली असती तर त्या लेकरांच्या आयांना हिनं काय सांगितलं असतं? ज्याचं हेड हिच्याकडं असेल त्यानं ते आत्ताच्या आत्ता उचलावं. हे सगळं मी म्हणालो. माझा आवाज रस्त्यापलीकडं जातो.

सोनल हात पुसत बाहेर आली. तिनं हेड सपाट लादीवर ठेवलं, वर पोलादी पट्टी उभी धरली आणि मला म्हणाली, "आबा, बघा. पट्टीखालनं उजेड येतोय का? वाकडं असंल तर येतो."

मी बघितलं नाही.

"बरं," ती म्हणाली, "रॉड आणले का?"

"काय?"

"पुशरॉड आणले का संगं? मला मोजायचे हुते."

वीस माणसांसमोर, कालची पोर, माझे रॉड मोजणार! मी बत्तीस वर्षांचा हिशेबच काढला. म्हणालो, माझ्या रॉडला हात लावायचा असेल तर आधी शंभर इंजिनं उघडून ये. म्हणालो, तुझ्या वयात आमी कारखान्याची टर्बाइनं उतरवत होतो. टर्बाइन मी एकदाच उतरवताना बघितलं होतं, तेही लांबून. पण रागात माणूस मोजून बोलत नाही.

माणसं आपापल्या हेडकडं बघायला लागली. एकानं खरंच उचललं. ते बघून ऋषिराजचा चेहरा उतरला. तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "सोनल, तू उद्यापासनं येऊ नको. आबा, मी सोता घासून देतो. पैसं नकोत."

पोरीनं ॲप्रन काढला, घडी घातली, मशीनच्या दांड्यावर ठेवला आणि डबा घेऊन गेली. ऋषिराजनं माझ्या समाधानासाठी हेडवर आणखी एक बारीक हात मारला. मी शेजारच्या दुकानातून वाकलेल्याच्या जागी एक कोरा रॉड घेतला.

येताना गाडीत महिपती पिंपळी गेल्यावर म्हणाला, "दत्ता, पोरीच्या पोटावर पाय आला."

"शाळेची गाडी विसरलास का?"

"न्हाय इसरलो. पण तिनं इचारल्यालं तर काय वावगं नव्हतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. असल्या माणसांमुळंच देशाची ही गत आहे असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम काढलं. कोरा रॉड जुन्या पाचांच्या मापाला कापायचा म्हणून त्यांच्या शेजारी उभा केला, आणि थबकलो. जुने रॉड चांगलेच बुटके होते. व्हर्नियर लावला तर दोन मिलिमीटरच्या वर फरक. फिटरच्या कामात दोन मिलिमीटर म्हणजे दोन कोस. मग मीच मनात बेरीज केली. तीन खेपा, दर खेपेला घासलं तेवढं, आणि दर खेपेला देवाचा पाव. देवाला मी एकट्या महिपतीच्या ट्रॅक्टरवर पाऊण मिलिमीटर दिला होता.

तरी मी हटलो नाही. कोरा रॉड इथं लांबच होणार, हे स्वतःलाच दाखवावं म्हणून हेड बसवलं, नट आवळले आणि तो न कापता खोबणीत सोडला. स्क्रू फिरवून ढिलाई काढली. वाकून बघितलं तर रॉकरच्या खाली स्क्रूचे दोन आटे दिसत होते. पुस्तकात दाखवतात तसे, बरोबर दोन. शेजारच्या जुन्या रॉडवर स्क्रू पार उतरवला, तर वर नटाला धरायला आटाच उरला नाही. स्क्रूच्या पोटातून तेलाची वाट असते. तो इतका खाली लोंबला की ती वाट रॉकरच्या बाहेर पडते आणि गोळीला तेल मिळत नाही. म्हणून गोळ्या निळ्या पडल्या होत्या. म्हणून रॉड उडाले होते. चारीच्या पुलावर ट्रॅक्टर मागं सरकला तो माझ्या करवतीनं.

पण हेड तर घासलं होतं! मग न कापलेला रॉड बरोबर बसतो कसा? घाम पुसत पुसत मी बायकोला, कौसल्येला, हाक मारली. ती गवार निवडत बसली होती. मी तारेवरच्या चिठ्ठ्या काढून तिच्यापुढं धरल्या, कारण व्हर्नियरच्या रेघा मला सवयीनं कळतात, पण माझा चष्मा वाचायचा नाही, लांबचं बघायचा आहे.

पहिल्या दोन चिठ्ठ्या ऋषिराजच्या बापाच्या हातच्या. हेड इतकं घासलं, जाड गॅस्केट दिलं. एवढंच. हेड आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस्केट घालतात. पाट झिजून बुटका झाला आणि खाली घोंगडी दुहेरी टाकली, तर बसणाऱ्याचं डोकं होतं तिथंच राहतं. तसं माझ्या हेडाचं झालं होतं. दर वेळी घासून खाली गेलेलं हेड जाड गॅस्केटनं परत वर आलं होतं, आणि मी मात्र दर वेळी रॉड कापत होतो. गॅस्केट मी माझ्या हातानं बसवलं होतं. ते जाड आहे हे माझ्या बोटांना कळलं नसेल? कळलं असणार. पण नियमात गॅस्केट नव्हतं.

तिसरी चिठ्ठी कौसल्येनं वाचली. "हेड शून्य पूर्णांक चाळीस घासले. जाड गॅस्केट व खाली पत्रा दिला आहे. रॉड कापू नयेत. आधी बसवून स्क्रूचे आटे पाहावेत. शंका वाटल्यास रॉड घेऊन यावे. सोनल."

कौसल्येनं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "पोरीचं अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली आणि गवार निवडायला लागली.

त्या दिवशी माझा राग कुठं जाईना. डिझेलवर जाईना, तेलावर जाईना, उस्तादांवर काढावा तर ते वर गेलेले. उरलो मी एकटा.

आणखी सहा कोरे रॉड मागवले, पाच न कापता बसवले, सहावा जास्तीचा राहिला. दुपारी महिपतीनं ट्रॅक्टर चालू केला. इतक्या वर्षांची टकटक गेली होती. इंजिन इतकं गोड चाललं की महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि चार माणसांसमोर म्हणाला, "दत्ता, तुझंच खरं ठरलं गड्या. त्या पोरीनंच वाट लावली हुती."

आणि मी गप्प बसलो.

मी! ज्यानं चहात साखर कमी पडली म्हणून कँटीन बंद पाडलं होतं, तो मी मान खाली घालून नट आवळायचे पाने पुसत बसलो. किती सोपं होतं ते. रॉड बदललेले कुणी बघितले नव्हते. हेड परत घासलं आणि ट्रॅक्टर चालला, एवढंच गावाला दिसत होतं. चार दिवस मी तसाच गप्प राहिलो. जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी कौसल्येनं ताट ठेवलं आणि समोर बसली.

"बत्तीस वर्सं ज्याला त्याला बोललात," ती म्हणाली. "आता सोताला बोलायची पाळी आली तर घसा बसला व्हय?"

मी ताटावरून उठलो. जुने पाच रॉड आणि तो वाकलेला फडक्यात गुंडाळला, एक कोरा पिशवीत घातला, आणि एसटीनं काटेवाडीला गेलो.

सोनल रानात होती. आईबरोबर ढोबळी मिरची क्रेटमध्ये भरत होती. मला बघून तिची आई उभी राहिली. तिला मी कोण ते कळलं असावं, कारण तिनं पाणी विचारलं नाही. बांधावर उभा राहून काय बोलायचं ते मी गाडीत घोकलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

सोनलनं हातातली मिरची क्रेटमध्ये ठेवली.

"रॉड आणले का?"

मी फडकं सोडलं. ती घरात गेली, व्हर्नियर घेऊन आली, आणि तिथंच बांधावर बसून तिनं सहाही रॉड मोजले. एकेक माप मोठ्यानं म्हणत गेली. मी ऐकत गेलो. पुढं म्हणालो, "पोरी, माझी चूक हाय. मी रॉड कापले. तुझी चिठ्ठी वाचली न्हाय."

"मला ठाऊकच हुतं, आबा." ती चिडली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "गोळ्या निळ्या पडल्यात असं तुमीच तितं वरडून सांगितलंत, तवाच कळलं. मला सांगून काय उपेग? ज्यास्नी ठाऊक न्हाय त्यास्नी सांगा."

"ऋषिराजला आत्ताच जाऊन सांगतो. उद्यापासनं तू कामावर."

"त्यांनी परवाच बोलावलं हुतं. मशीन दुसऱ्या कुणाला जमत न्हाय. गेले मी. तिघंजण आले, मला मशीनवर बघितलं आन् हेडं परत गाडीत टाकली. एक म्हणाला, ह्या पोरीकडं नको, ही वाकडं घासती." तिनं रॉड परत फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "काम मिळंल आबा. हेडच कुणी दिलं न्हाय तर मशीनवर बसून करू काय?"

क्रेट उचलता उचलता तिची आई आता म्हणाली, "तीन वर्सं सायकलीनं गेली पोरगी. एक खाडा न्हाय."

तिथून बारामतीला गेलो. दुकानात पाच-सहा माणसं होती. मी सगळं सांगितलं, पहिल्या वेळी होता त्याच आवाजात. ऋषिराज कासावीस झाला. "आबा, हळू. मिटलं की आता. गिऱ्हाइकास्नी कशाला सांगायचं?" त्याला काळजी कसली, तर विनाकारण काढलं म्हणून त्याचं नाव खराब होईल! मग मात्र माझ्या रागाला वाट मिळाली. "ती पट्टी धरून उजेड दाखवत हुती," मी म्हणालो, "मी बघितलं न्हाय, मी गाढव. पण तू मशीनवाल्याचा पोरगा! तुला बघायला काय झालं हुतं?" त्या दिवशी वीस माणसं होती, आज सहा. बाकीची चौदा कुठं शोधायची?

शोधली. जमतील तेवढी शोधली. बेलवाडीचा एक सापडला, लासुर्ण्याचे दोघं सापडले. कोऱ्हाळ्याच्या एकाच्या घरी दोन एसटी बदलून गेलो, तर तो म्हणाला, "कुठली पोरगी? हां, ती वाकडं घासणारी व्हय?" मी सांगितलं की वाकडं तिनं घासलं नव्हतं, रॉड मी कापले होते. तो हसला. "जाऊ द्या हो आबा, तुमी मोठ्या मनाचं हाय. पोरीला पदरात घेताय." असला संताप आला मला! खोटं बोललो तेव्हा वीस माणसांनी एका दमात विश्वास ठेवला, आणि खरं सांगायला दोन एसटी बदलून गेलो तर मी मोठ्या मनाचा.

महिपतीला सांगितलं ते सगळ्यांत शेवटी. त्यानं ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे शाळेची गाडी..."

"व्हय," मी म्हणालो. "ती माझीच."

तो आठ दिवस शेडकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी आला, पण बसला नाही. "कारखान्यावर नंबर लागलाय," म्हणाला, "चल संगं."

कारखान्याच्या अड्ड्यावर ट्रॅक्टरची रांग लागते, ती हंगामात मैलभर जाते. ड्रायव्हर सावलीला बसून गप्पा मारतात, इकडची बातमी तिकडं करतात. महिपतीचा ट्रॅक्टर रांगेत लावून आम्ही उभे होतो. पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मागं आला. मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. त्यानं महिपतीच्या इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "लई ग्वाड चालतंय इंजिन. हेड कुठं घासलं?"

"बारामतीत," मी म्हणालो. "भिगवण रोडला."

"अरारा!" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जपून राहा म्हणून सांगावं तसा. "तितं जाऊ नका परत. एक पोरगी हाय, कानात गाणी लावून काम करती. एका ट्रॅक्टरचं हेड असलं वाकडं घासलं, की ट्रॅक्टर शाळेच्या गाडीवर गेला असता. ते तर बरं, अंथुर्ण्याचा कुणी म्हातारा फिटर हाय, दांडगा माणूस. त्यानं पकडली तिला. भर दुकानात झाडली, म्हणं."

महिपती माझ्याकडं बघायला लागला. माझाच शब्द होता तो, एकही बदललेला नव्हता. कुठून कुठून फिरून, मला मोठा करत करत, माझ्याच दारात येऊन उभा राहिला होता.

"तो म्हातारा मीच," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं हात काढला, नीट उभा राहिला. "व्हय का? मग तुमीच सांगा की, आबा. ऐका रे, हेच ते."

आणखी तिघंचौघं उठून आले. एवढ्या वर्षांत बोलायला मला कधी हिंमत लागली नव्हती. मी पिशवीतून दोन रॉड काढले, एक कोरा आणि एक माझ्या हातचा, आणि महिपतीच्या मडगार्डवर शेजारी शेजारी उभे धरले.

"ह्यातला आखूड कुठला?"

"ह्यो."

"त्यो मी कापला. तिनं चिठ्ठीत लिवलं हुतं, कापू नका. मी वाचलं न्हाय, कापला. रॉड उडाला आन् ट्रॅक्टर मागं आला. हेड सरळ हुतं. पोरगी बरोबर हुती. तिचं नाव सोनल, काटेवाडीची. मी भर दुकानात खोटं बोललो, आन् तुमी त्येच हितं सांगताय."

ड्रायव्हरनं दोन्ही रॉड हातात घेतले, डोळ्यापुढं धरून टोकांवर बोट फिरवलं. दोन मिलिमीटर बोटाला कळतात.

"आमच्या ट्रॅक्टरचं बी हेड काढलंय," तो म्हणाला. "मालक दुसरीकडं नेणार हाईत."

"तिच्याकडं न्या. संगं रॉड न्यायला विसरू नका. ती पैल्यांदा त्येच इचारती."

त्यानं मान हलवली आणि रॉड परत द्यायला हात पुढं केला. मी घेतले नाहीत.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," मी म्हणालो. "पुढच्याला दाखव. आन् सांग, अंथुर्ण्याच्या दत्तोबानं कापलाय."

तो रॉड घेऊन पुढच्या ट्रॅक्टरकडं गेला. तिथले दोघं उठून उभे राहिले, त्यांनी रॉड हातात घेतले, मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. रांग मैलभर होती. मी तिथंच उन्हात उभा राहिलो, लांबून येणाऱ्यांना दिसेन असा.